खांदा, वारा आणि तीनशे मॅग्नम

माझ्या उजव्या भुवईवर नखाएवढी एक चंद्रकोर आहे. मिरजेकडचा माणूस म्हटल्यावर लोकांना वाटतं, लहानपणी विहिरीत उडी मारताना कपार लागली असेल. तसं काही नाही. ती खूण .३०० विंचेस्टर मॅग्नमच्या माझ्या तिसऱ्या गोळीची आहे. उतारावर पालथा पडलो होतो, दस्ता खांद्यात नीट बसला नव्हता आणि डोळा दुर्बिणीच्या फार जवळ गेला होता. चाप दाबला आणि दुर्बिणीची कड भुवईवर आदळली. रक्त डोळ्यात उतरायच्या आत मी विचारलं, "लागली का?" शेजारी पडलेला म्हातारा थंडपणे म्हणाला, "तुला लागली. पाटीला नाही."

सांगलीला कॉलेजात असताना एनसीसीत .२२ च्या रायफलीने पंचवीस यार्डांवर नेम धरायला शिकलो होतो. त्यानंतर वीस वर्षं बंदुकीला हात लावला नाही. नोकरीने डेन्व्हरला आणलं, ग्रीन कार्ड हातात आलं, मग पुन्हा त्या वाटेला गेलो. मी शिकारी नाही. लोखंडी पाटीवर नेम धरायचा आणि ती वाजली की खूश व्हायचं, एवढाच माझा छंद. सुरुवात ६.५ क्रीडमूर या काडतुसाने केली आणि हजार यार्डांपर्यंत बरी मजल मारली. मग कुणीतरी न्यू मेक्सिकोत रॅटोनला घेऊन गेलं. तिथे एनआरए व्हिटिंग्टन सेंटर नावाचं तेहतीस हजार एकरांचं आवार आहे आणि त्याच्या डोंगरउतारावर ११२३ यार्डांवर पांढरा रंग दिलेला एक लोखंडी बायसन उभा आहे. दुपारच्या वाऱ्यात त्या बायसनाने माझ्या क्रीडमूरची दहापैकी सात वेळा थट्टा केली. त्याच आठवड्यात मी मॅग्नम घ्यायचं ठरवलं. घेणाऱ्यांपैकी बरेच जण असेच घेतात, चिडून.

तेव्हापासून प्रत्येक गोळीची नोंद ठेवतो आहे. दादाचं सांगलीत हळदीचं अडत दुकान आहे. त्याने पाठवलेल्या लाल कापडी वहीत डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. इथली मराठी पोरं विचारतात, "काका, मॅग्नम घेऊ का?" त्यांच्यासाठी वहीतलं थोडं उतरवून काढतो आहे.

१. मॅग्नम हे मुळात बाटलीचं नाव आहे

शॅंपेनच्या नेहमीच्या दुप्पट, दीड लिटरच्या बाटलीला मॅग्नम म्हणतात. इंग्रज बंदूकवाल्यांनी हे नाव मोठ्या काडतुसांना लावलं आणि ते चिकटलं. नावात दारू दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे ती अंगावर येते.

तीनशे मॅग्नमची वंशावळ थोडी सांगायला हवी, कारण तिचे गुण आणि खोडी दोन्ही घराण्यातून आले आहेत. पणजोबा म्हणजे १९१२ सालचं .३७५ हॉलंड अँड हॉलंड, आफ्रिकेतल्या मोठ्या जनावरांसाठी केलेलं. त्याच घराण्यातून १९२५ मध्ये .३०० हॉलंड अँड हॉलंड आलं. १९३५ साली बेन कम्फर्ट या नेमबाजाने कॅम्प पेरीला हजार यार्डांचा विम्बल्डन कप त्याच काडतुसाने जिंकला आणि मोठं काडतूस लांबच्या चांदमारीलाही चालतं हे अमेरिकेला पटलं. विंचेस्टर कंपनीने १९६३ मध्ये त्याच घराण्याची पुंगळी आखूड करून .३०-०६ च्या लांबीच्या रायफलीत बसेल असं .३०० विंचेस्टर मॅग्नम काढलं. पुढे अमेरिकी लष्कराच्या एम२०१० या स्नायपर रायफलीला हेच काडतूस मिळालं.

गंमत अशी की, त्याच कंपनीने त्याच १९६३ साली .२८४ विंचेस्टर नावाचं आणखी एक काडतूस काढलं होतं. त्याच्या नावात मॅग्नम नव्हतं. दुकानात ते पडून राहिलं. आज हजार यार्डांच्या एफ-क्लास ओपन स्पर्धेत जाऊन बघा, बऱ्याच चटयांवर त्याच .२८४ ची नातवंडं दिसतील. त्यामुळे नावावरून काडतूस जोखायचं मी सोडून दिलं.

२. डब्यावरचा वेग डब्यापुरता

पहिल्या डब्यावर छापलं होतं सेकंदाला २९६० फूट. माझ्या चोवीस इंची नळीतून रडारच्या यंत्रावर मोजला तर सरासरी २८८० भरला. कंपनी खोटं बोलत नाही, ती स्वतःच्या चाचणीच्या नळीतून मोजते. तुमची नळी वेगळी, आटे वेगळे, दिवस वेगळा. वेग मोजायचं यंत्र आधी घ्या, काडतुसाबद्दल मत नंतर बनवा. मी उलटं केलं आणि पहिले दोन महिने दुर्बिणीला शिव्या दिल्या.

सरासरीपेक्षाही महत्त्वाचा असतो फरक. दहा गोळ्यांत सर्वात जलद आणि सर्वात मंद गोळीत साठ फुटांचं अंतर असेल तर हजार यार्डांवर जवळजवळ एक फुटाची वरखाली होते. नेम कितीही चांगला असला तरी तो एक फूट तुमच्या हातात नाही. दुकानातून आणलेल्या काडतुसांत साठ-सत्तरचा फरक मला कितीदा तरी दिसला. घरी भरायला लागल्यावर तो पंचवीस-तिशीवर आला.

३. मॅग्नमची खरी मिळकत वाऱ्यात आहे

गोळी किती खाली पडते याची काळजी करू नका, असं मी नव्या पोरांना सांगतो. गुरुत्वाकर्षण प्रामाणिक आहे. काल जेवढं होतं तेवढंच आज. अंतर मोजायचं, दुर्बिणीची चकती तेवढी फिरवायची, काम झालं. वारा मात्र दर दहा सेकंदांनी शब्द फिरवतो.

आकडे सांगतो. ताशी दहा मैलांचा आडवा वारा, समुद्रसपाटीची हवा, हजार यार्ड. .३०८ या काडतुसाची १७५ ग्रेनची गोळी साधारण आठ फूट वाहून जाते. ६.५ क्रीडमूरची १४० ग्रेनची सहा फूट. तीनशे मॅग्नममध्ये २१५ ग्रेनची लांब, निमुळती गोळी घातली तर पाच फुटांच्या आत. दुकानदार एवढंच सांगतो आणि ग्राहकाचे डोळे चमकतात. माझेही चमकले होते.

पण वाहून जाणं हा प्रश्नच नाही. वारा नक्की दहा असेल तर सहा फूट काय नि पाच फूट काय, तेवढं बाजूला धरायचं. प्रश्न आहे वारा ओळखण्यातल्या चुकीचा. मी दहा म्हटलं आणि होता तेरा, तर? क्रीडमूरची गोळी सुमारे बावीस इंच बाजूला, मॅग्नमची सतरा. .३०८ ची तीस. म्हणजे तीन मैलांच्या चुकीवर मॅग्नमने क्रीडमूरपेक्षा मला पाच इंच वाचवून दिले. ते पाच इंच, हीच मॅग्नमची मिळकत. बाकी सगळा आवाज.

वारा वाचायला शिकवताना त्या म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "मिराज बघ, मिराज." मी चमकून मागे पाहिलं, आमचं गाव इथे कुठून आलं? तो मृगजळाबद्दल बोलत होता. दुर्बिणीतून पाटीच्या थोडं अलीकडे नजर स्थिरावली की जमिनीवरून उठणारी गरम हवा पाण्यासारखी वाहताना दिसते. वारा नसेल तर ती सरळ वर उकळते. तीन-चार मैलांचा असेल तर तिरकी झुकते. आठ-दहाच्या वर गेला की आडवी, ओढ्यासारखी पळायला लागते आणि त्यापुढे काहीच कळत नाही, मग गवत बघायचं. हे कळायला मला दोन उन्हाळे लागले. त्या दोन उन्हाळ्यांत माझा अंदाज पाच मैलांच्या चुकीवरून दोन-तीनवर आला. हिशेब करून बघा, त्यातून जेवढे इंच वाचले, तेवढे कुठल्याही काडतुसाने वाचवून दिले नसते. त्या शिकवणीची फी म्हणजे रॅटोनच्या वाटेवर म्हाताऱ्याला पाजलेली कॉफी.

४. खांद्याला विचारा, आणि खांदा खोटं बोलेल

साडेआठ पौंडांच्या रायफलीत तीनशे मॅग्नमचा धक्का क्रीडमूरच्या दुपटीहून जास्त असतो. "मला काही वाटत नाही हो," असं मीही सांगत फिरायचो. शनिवारी चाळीस गोळ्या मारल्या की रविवारी बायको पाठीला बाम चोळायची आणि काही बोलायची नाही. तेच जास्त लागायचं.

एके दिवशी म्हातारा म्हणाला, "आज तुझी काडतुसं मी भरतो." मला न दाखवता त्याने एकेक काडतूस आत सरकवलं. पहिल्या दोन गोळ्या उडाल्या. तिसऱ्या वेळी चाप दाबला तर नुसतं "टक्". त्याने मध्येच एक पोकळ, बिनदारूचं काडतूस घातलं होतं. त्या "टक्"च्या क्षणी मी काय केलं ते मागे उभ्या असलेल्या चौघांनी पाहिलं. नळीचं तोंड तीन इंच खाली झुकलं, डोळे मिटले, खांदा पुढे आला. गोळी उडाली असती तर धक्क्याच्या धुरळ्यात हे सगळं झाकून गेलं असतं आणि मी म्हटलं असतं, वारा बदलला बहुतेक.

शरीर अक्कलवान असतं. ज्याने एकदा भुवई फोडली त्याला ते विसरत नाही. हजार यार्डांवरच्या माझ्या निम्म्या चुका वाऱ्याच्या नव्हत्या, त्या भीतीच्या होत्या.

यावर तीन उपाय केले. रायफलीचं वजन वाढवून चौदा पौंडांवर नेलं. नळीच्या तोंडाला धक्का कमी करणारा ब्रेक लावला. त्याने खांद्याला खरंच आराम पडला, पण आवाज आणि धूळ आजूबाजूच्यांच्या अंगावर जाते, त्यामुळे कानात बोळे आणि वर कानटोप असे दोन्ही लागतात, शेजाऱ्यालाही. ब्रेकवाल्याच्या शेजारी कुणी चटई टाकत नाही, हे लक्षात ठेवा. तिसरा आणि खरा उपाय म्हणजे एका बैठकीत वीसच गोळ्या. त्यापुढे जे होतं तो सराव नसतो, खोड लागते.

५. तीन गोळ्यांचा पुंजका देव्हाऱ्यात ठेवू नका

आमच्या मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत लहानपणी तासन् तास उभा राहायचो. जवारी लावणारा कारागीर घोडीवर कानस एकदा फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा फिरवतो. मोजपट्टी नाही, फक्त कान. मला वाटलं काडतुसाची दारूही अशीच सुरात लावायची असते. अर्धा ग्रेन वाढव, तीन गोळ्या मार, पुंजका बघ, पुन्हा वाढव. एक दिवस शंभर यार्डांवर तीन गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या. आनंदाने तो कागद फ्रिजवर लावला. पुढच्या शनिवारी त्याच मापाने तीस काडतुसं भरून मारली. पुंजका अडीच पट मोठा आला.

पुन्हा केलं, पुन्हा तेच. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की तीन गोळ्या हा योगायोग असतो. वीस-तीस गोळ्यांचा एक पुंजका हीच रायफलीची खरी उंची. सुरात लावण्यासारखं त्यात फारसं नसतं. चांगली गोळी, चांगली पुंगळी, पुस्तकातल्या मर्यादेच्या आत राहून ठरवलेलं दारूचं एक माप, आणि मग हात लावायचा नाही. दारूचं माझं माप इथे देणार नाही. प्रत्येक नळी वेगळी, आणि दुसऱ्याचं माप आपल्या रायफलीत घालणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून गाडी चालवणं.

पुंजक्यावरून आठवलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्याच रात्री दादाचा फोन. "तो पन्नास मीटरवर मारतो, तू हजार यार्डांवर. मग तुझं मोठं की रे!" मी वही काढून त्रैराशिक मांडलं. पन्नास मीटरच्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. तेच कोन धरून हजार यार्डांवर नेलं तर साडेसात इंचांची ताटली होते. माझी पाटी अठरा इंचांची, आणि मी तिच्यावर पालथा पडून, पुढे दुपाई नि मागे वाळूची पिशवी ठेवून मारतो. तो गुडघ्यावर बसून, पालथा पडून आणि उभ्यानेही मारतो. मी म्हटलं, "दादा, मला त्या पंगतीला बसवू नकोस."

६. पट्टा दिसतो तेवढा निरुपद्रवी नाही

तीनशे मॅग्नमच्या पुंगळीच्या बुडाशी एक उठावदार कडा असते, कमरपट्ट्यासारखी. पणजोबांची पुंगळी निमुळती होती, तिला रायफलीत नेमक्या जागी अडवायला त्या पट्ट्याची गरज होती. नातवाच्या पुंगळीला चांगला खांदा आहे, पट्टा नसता तरी चाललं असतं. पण घराण्याची खूण म्हणून तो राहिला.

घरी पुंगळी पुन्हा वापरताना ती साच्यात दाबून मापात आणावी लागते. मी साचा लावताना कागदावर लिहिल्याप्रमाणे खालपर्यंत टेकवला. पट्टा जागा धरून ठेवतो, त्यामुळे काडतूस बसायचं, उडायचं, सगळं ठीक वाटायचं. आत मात्र दर वेळी पुंगळीचा खांदा गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला जात होता आणि उडताना तो पुन्हा पुढे ताणला जात होता. ताण पडायचा पट्ट्याच्या जरा वर.

चौथ्या फेरीला एका पुंगळीवर तिथेच एक चकचकीत रेघ दिसली. म्हाताऱ्याने कागदाची क्लिप सरळ केली, तिचं टोक वाकवलं आणि पुंगळीच्या आतून हळूच वर ओढलं. "बघ." बोटाला खाच लागली, दाताला बारीक कीड लागल्यावर जिभेला लागते तशी. घरी येऊन ती पुंगळी करवतीने उभी कापली. पट्ट्याच्या वर पितळ कागदाएवढं उरलं होतं. आणखी एक-दोन वेळा उडवली असती तर पुंगळीचे दोन तुकडे झाले असते आणि वायू माझ्या तोंडाच्या दिशेने आला असता. पन्नास पुंगळ्या भंगारात दिल्या. आता साचा असा लावतो की खांदा इंचाचे दोन सहस्रांश एवढाच मागे जावा, बाकी पट्ट्याकडे लक्ष देत नाही.

या काडतुसाच्या मानेचीही एक तक्रार आहे. आखूड करायच्या नादात विंचेस्टरने मान ०.२६४ इंचांची ठेवली, म्हणजे गोळीच्या जाडीहूनही कमी. १९६३ च्या १५०-१८० ग्रेनच्या गोळ्यांना ती पुरायची. आजच्या लांब गोळ्या दारूच्या जागेत घुसून बसतात. २०१८ च्या सुमारास आलेल्या .३०० पीआरसीने ही अडचण सोडवली, पट्टाही काढून टाकला. कागदावर तेच सरस काडतूस आहे, यात वाद नाही.

७. रॅटोनची हवा पातळ आहे

समुद्रसपाटीचा तक्ता छापून नेला आणि साडेसहा हजार फुटांवर वापरला. हजार यार्डांवरच्या पहिल्या तिन्ही गोळ्या पाटीच्या दीड-दोन फूट वरून गेल्या. तापमान, हवेचा दाब आणि वेग फोनमध्ये घाला, मग गोळी मारा. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही.

८. नळी हा कायमचा खर्च

एका पौंडाच्या डब्यातल्या दारूत मॅग्नमची पंचाण्णवच्या आसपास काडतुसं होतात, क्रीडमूरची एकशे पासष्टहून जास्त. दारू पावणेदोन पट जाते आणि ती सगळी आग नळीच्या घशाशी, गोळी आट्यांत शिरते त्या बोटभर जागेतून जाते. बाराशे गोळ्यांनंतर मी नळीत बारीक कॅमेरा घालून बघितलं. वैशाखात काळ्या रानाला पडतात तशा भेगा. स्पर्धेच्या लायकीची नळी साधारण दीड-दोन हजार गोळ्या चालते. क्रीडमूरची तीन हजारांच्या आसपास, .३०८ ची पाच हजारांच्याही पुढे.

वहीच्या खर्चाच्या बाजूला एक नोंद अशीही आहे जिच्यापुढे आकडा नाही. २०२० नंतरची दोन-अडीच वर्षं मॅग्नमचे प्राइमर आणि लागणारी संथ दारू दुकानात दिसेना. पैसे खिशात, रायफल खांद्यावर, आणि भरायला काही नाही. काडतूस निवडताना लोक गोळीचा वेग बघतात. त्याचं सामान आपल्या गावातल्या दुकानात वर्षभर मिळतं का, हे कुणी बघत नाही.

९. एकाच दिवशी, एकाच वाऱ्यात

तुलना करायची तर दोन रायफली एकाच दिवशी न्या आणि आलटूनपालटून मारा. मी गेल्या वर्षी तसं केलं. हजार यार्ड, अठरा इंचांची पाटी, प्रत्येकी वीस गोळ्या. सकाळी सातला, वारा जवळजवळ नव्हता तेव्हा क्रीडमूर अठरा, मॅग्नम सोळा. दुपारी दोनला, गवत लोळत होतं तेव्हा मॅग्नम तेरा, क्रीडमूर दहा.

पाचव्या मुद्द्यात मीच सांगितलंय की थोड्या गोळ्यांवर विश्वास ठेवू नका, म्हणून हे आकडे कुणी शिरोधार्य मानू नयेत. पण मला त्यातून माझ्याबद्दल कळलं. शांत हवेत मॅग्नमच्या दोन गोळ्या जास्त चुकल्या, त्या माझ्या खांद्याने चुकवल्या. वाऱ्यात तीन जास्त लागल्या, त्या गोळीने मिळवून दिल्या. जमाखर्च मांडला तर एका गोळीचा नफा.

मग त्याच संध्याकाळी पांढऱ्या बायसनाकडे वळलो. ११२३ यार्ड, डावीकडून वारा. चाप दाबला. गोळीला तिथे पोचायला दीड सेकंद लागतो आणि लोखंडाचा आवाज परत यायला आणखी तीन. ते साडेचार सेकंद फार लांब असतात. दुर्बिणीत बायसनाच्या पोटावर राखाडी ठिपका उमटलेला दिसतो, पण कान अजून वाट बघत असतो. आणि मग "टण्ण". म्हातारा काही बोलला नाही, फक्त बोट वर केलं. दहापैकी आठ.

शिकार करणाऱ्यांना मात्र त्या दीड सेकंदाबद्दल एक सांगतो. तेवढ्या वेळात लोखंडी बायसन हलत नाही. जिवंत एल्क एक पाऊल टाकतो, आणि छातीवर धरलेली गोळी पोटात जाते. माझ्या ओळखीतले जाणते शिकारी मॅग्नम असूनही चार-पाचशे यार्डांपुढे मारत नाहीत. त्यांना मी जास्त मानतो.

१०. तर, घ्यावी का?

आठशे यार्डांपर्यंत मारणार असाल तर मॅग्नमची गरज नाही. हजारावर, महिन्यातून एकदा जाणार असाल तरी नाही, क्रीडमूर घ्या आणि उरलेल्या पैशांच्या गोळ्या घ्या. हजाराच्या पुढे, उघड्या माळावर, वाऱ्यात मारायचं असेल आणि आधी कमी धक्क्याच्या रायफलीने दोन हजार तरी गोळ्या मारून झाल्या असतील, तर घ्या. आज कोरी पाटी घेऊन बसलो असतो तर मी .३०० पीआरसी किंवा ७ एमएम पीआरसी घेतलं असतं, हे मोकळेपणाने सांगतो.

पण माझी पाटी कोरी नाही. साचे आहेत, तीनशे पुंगळ्या आहेत, वही भरलेली आहे, आणि कुठल्याही लहान गावातल्या दुकानाच्या फळीवर तीनशे विन मॅगचा एखादा डबा सापडतोच. म्हणून गेल्या महिन्यात नवी नळी सांगितली ती त्याच काडतुसाची, सव्वीस इंची. बनवणारा म्हणाला, तीन महिने लागतील. तोवर क्रीडमूर आहे.

पावसाळ्यानंतर डेन्व्हरकडे आलात तर कळवा, रॅटोनला बरोबर जाऊ. कानाचे बोळे मी देईन, डब्यात थालीपीठही असेल. मॅग्नमच्या पाच गोळ्या मिळतील, सहावी मागू नका. आणि डोळा दुर्बिणीपासून चार बोटं लांब ठेवा.